बेसमेंटसाठी पेलेट स्टोव्ह कोणता घ्यावा? आई-बाबा येतायत, मदत करा

कुडकुडे_नॅशुआ:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू हॅम्पशायरला, नॅशुआत. जुनं घर, ऑइल बॉयलर आणि बेसबोर्ड हीटिंग (भिंतीच्या तळाशी बसवलेले हीटर). गेल्या वर्षी बेसमेंट फिनिश करून घेतलं, ७०० स्क्वेअर फूट असेल, भिंतींना इन्शुलेशन आहे पण हीटिंगची लाइन खाली ओढलीच नाही, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला गरज नाही आणि मी पण मान डोलावली. जानेवारीत खाली १२-१३ सेल्सिअसच्या वर काही जात नाही. आता डिसेंबरात आई-बाबा येतायत, त्यांची झोपायची सोय खालीच, आणि आमचे बाबा पुण्यात दिवाळीनंतर कानटोपी काढत नाहीत. दुकानात तासाला ५०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) देणारा पेलेट स्टोव्ह बघितला, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर (पेलेट) चालणारा, काचेतून जाळ दिसतो, एकदम भारी. मोठाच घ्यावा म्हणतोय, म्हणजे उष्णता जिन्यातून वर पण येईल आणि ऑइल वाचेल. काय वाटतं?

राखुंडीकाका:
मोठा घेऊ नका. अकरा हिवाळे झाले माझ्याकडे, पहिला मोठाच घेतला होता म्हणून सांगतोय. बेसमेंटच्या भिंती मातीत असतात, बाहेर मायनस १५ असलं तरी मातीत तेवढी थंडी नसते, त्यामुळे इन्शुलेशनवाल्या ७०० फुटांना १२-१५ हजार बीटीयू पुष्कळ झाले. ५० हजारवाला मग कायम सगळ्यात मंद आचेवर चालवावा लागतो, आणि मंद चालवला की काच दोन दिवसात काळी, बर्न पॉटमध्ये (पेलेट जळतात ते भांडं) राखेचा दगड बसतो, तो रोज सकाळी खरवडा. वर उष्णता जाते हे खरंय पण जिन्याच्या तोंडाशी, मागच्या बेडरूमला काही पोचत नाही.

आणि वाहतूक बघा हो. एक टन म्हणजे ४० पाउंडाची ५० पोती. सीझनला दोन टन धरले तरी १८-१८ किलोची शंभर पोती जिन्यावरून खाली. मग राख वर. गराजमध्ये ओल लागली तर पेलेटचा फुगून भुसा होतो, सरळ फेकून द्यायचा. ऑइल वाचेल की नाही ते घरीच काढा, एक टन पेलेटमध्ये साधारण ११८-१२० गॅलन ऑइलएवढी उष्णता असते, तुमच्याकडच्या टनाच्या भावाला १२० ने भागा आणि ऑइलच्या भावाशेजारी ठेवा.

मीनल_वूस्टर:
काकांशी सहमत, पण स्टोव्ह कोणता याच्या आधी धूर कुठून काढणार ते बघा ना. बेसमेंटमधून पाइप आडवा भिंतीतून निघाला तर तोंड जमिनीलगत येतं, बर्फ साचला की बुजलंच. पाइप उभा वर चढवून मग बाहेर काढायचा, खिडकी-दारापासून अंतर किती ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. दुसरं म्हणजे तुमचा ऑइल बॉयलर पण खालीच असणार. दोघं एकाच खोलीतली हवा ओढणार, त्यात ड्रायर चालू केला तर बॉयलरचा धूर उलटा आत यायची भीती. म्हणून स्टोव्हला बाहेरून हवेचा वेगळा पाइप जोडून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खाली, झोपायच्या जागेजवळ हवाच. टाउनचं परमिट काढा, इन्शुरन्सवाल्यांना कळवा. आणि झोपायच्या खोलीत बसवू नका असं बऱ्याच स्टोव्हच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट असतं!! आई-बाबांची खोली दार लावून वेगळी आहे का? आग लागली तर बाहेर पडता येईल एवढी खिडकी तिला आहे का?

बर्फाळ_भाऊ:
लाइट गेली की काय, हे कुणी बोललंच नाही. हा लाकडाचा स्टोव्ह नव्हे. पेलेट आत ढकलणारा ऑगर, धूर ओढणारा पंखा, गरम हवा फेकणारा पंखा, सगळं विजेवर. २००८ च्या डिसेंबरातल्या आइस स्टॉर्ममध्ये आमच्याकडे मध्यरात्री लाइट गेली, पंखा बंद, पॉटमध्ये मूठभर पेलेट पेटलेलेच. माझा पाइप आडवा, त्यामुळे धुराला वर जायला वाटच नाही, हॉपरच्या (पेलेट भरायची टाकी) झाकणाच्या फटीतून निळसर धूर बाहेर यायला लागला, मी पायजम्यावर दार उघडून उभा. नंतर उभा पाइप केला आणि बॅटरी बॅकअप घेतला, प्युअर साइनवेववाला, म्हणजे घरच्या लाइटसारखीच वीज देणारा. पेटवताना ३००-४०० वॉट लागतात, मग शंभरेकवर चालतो. विझेपर्यंत पंखा फिरला पाहिजे एवढंच.

भुसावळकर:
म्हणजे ही आपली भुशाची शेगडीच की, मोटर लावलेली 😄 आजी मधे दांडका उभा धरून भुसा ठासायची, मग दांडका अलगद काढायची. त्या शेगडीला लाइट लागत नव्हती.
बाकी चेष्टा सोडा, मिनी-स्प्लिट का नाही बघत? म्हणजे भिंतीवरचा स्प्लिट एसी, जो उलटा चालून खोली गरम करतो. कडक थंडीत चालणारा हीट पंप घ्या, राख नाही धूर नाही, आई-बाबांना रिमोट कळतो.

राखुंडीकाका:
भुसावळकर, बरोबर, पण लाइट गेली की तो पण बंद. जाळाची ऊब वेगळीच हो. तरी या केसमध्ये मी पण तेच म्हणेन. सत्तरीच्या माणसाला रोज पॉट खरवडायला लावू नका.

कुडकुडे_नॅशुआ:
सगळ्यांचे आभार. काल खाली जाऊन नीट बघितलं. बॉयलर प्लायवूडच्या दारामागे, त्यांच्या पलंगापासून आठ पावलांवर. आणि खिडकी म्हणजे मांजर जेमतेम बाहेर पडेल. तेव्हा आई-बाबा वर आमच्या खोलीत, आम्ही हॉलमध्ये सोफा-बेडवर, खाली मिनी-स्प्लिटचं कोटेशन मागवलंय आणि मोठ्या खिडकीचं पण. स्टोव्ह पुढच्या वर्षी, लहान, तो पण फक्त टीव्हीच्या खोलीत. बायको दोन दिवस बोलत नाहीये. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले काळजी करू नकोस, आम्ही दोन गोधड्या आणतोय. २३ किलोच्या बॅगेत गोधड्या म्हणजे लोणचं राहिलं म्हणायचं.