गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींना भेट म्हणून कापड टपालाने पाठवायचं तर काय काय पाळावं?

सुईदोरा_नागपूर

आमच्या गोधडीवाल्यांच्या गटात अकोला, पुणे, बेळगाव आणि एक इंग्लंडात, अशा पाच-सहा जणी आहेत. ओळख सगळी फोनवरचीच. दिवाळीआधी प्रत्येकीला थोडं सुती कापड भेट पाठवायचं मनात आहे. काही गांधीबागेतल्या कापडबाजारातून नवीन घेईन, काही कपाटात पडून आहे, शिवाय आईच्या जुन्या नागपुरी सुती साड्या आहेत.

तुकडा केवढा असावा म्हणजे समोरचीच्या खरंच कामी येईल? धुऊन पाठवायचं की कोरंच? आधी विचारलं तर भेटीची गंमत जाते आणि न विचारता पाठवलं तर गळ्यात मारल्यासारखं होतं, मग करायचं काय? पोस्ट बरं की कुरिअर?

उभाआडवा

विचाराच. कापड येणार आहे हे कळू द्या, कोणतं येणार ते गुपित ठेवा. पण "कापड पाठवू का?" एवढंच विचारू नका, त्याला भिडेपोटी कोणीच नाही म्हणत नाही. हाताने शिवता की मशीनवर, सध्या कोणते रंग कमी पडताहेत आणि काय अजिबात नको, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं असतं. कोणाला मोठ्या फुलांची छपाई नको असते, कोणाच्या घरी बाळाच्या दुपट्यात काळं चालत नाही, कोणाकडे ठेवायलाच जागा नसते. कपाटातलं कापड असेल तर उजेडात, दिवसा काढलेला फोटो पाठवा. ट्यूबलाइटखाली राणी आणि मरून सारखेच दिसतात.

आता माप. आपल्याकडे छापील सुती कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक ४४ इंच असतो. अर्धा मीटर घेऊन मधल्या घडीवर दोन भाग केले की साधारण ५० बाय ५५ सेंटिमीटरचा तुकडा मिळतो. फॅट क्वार्टर म्हणतात तो हाच. भेटीला यासारखं सोयीचं माप नाही. दुकानात पाव मीटर मागू नका. कापड तेवढंच मिळतं, पण पन्हाभर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद अशी पट्टी हाती येते. कडा सरळ केल्या की ती साडेनऊ इंच उरते आणि तिच्यातून दहा इंची चौकोन निघत नाही.

न विचारता ५ इंचांहून लहान तुकडे पाठवू नयेत. पाव-पाव इंच शिलाईत गेलं की ५ चा साडेचार राहतो, अडीचचा दोन. अडीच इंचाखालचं सगळं कात्रण. ज्यांना कात्रणं लागतात त्या आपणहून मागतात.

उलट टोकाची चूक म्हणजे "खालच्या बाजूला होईल" म्हणून पाठवलेले दोन मीटर. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीच्या पाठीला ४४ पन्ह्याच्या दोन लांब्या जोडाव्या लागतात. चारी बाजूंनी दोन-दोन इंच जादा धरले की एक लांबी ९४ इंच, म्हणजे दोन्ही मिळून पाच मीटरला थोडं कमी. तेवढं पाठवणार असाल तर पाठवा, नाहीतर त्याच पैशात वेगवेगळ्या छपाईचे अर्धा-अर्धा मीटर घ्या.

दुकानदार कापड टर्रकन फाडून देतात. फाडलेल्या कडेचे धागे आतपर्यंत ओढले जातात आणि ती कड लाटांसारखी होते, त्यामुळे फाडलेल्या प्रत्येक बाजूला अर्धा इंच जास्त धरा. किनार, म्हणजे विणतानाच बांधलेली कड, मात्र कापून टाकू नका. उभा धागा कुठला ते किनारीवरून कळतं आणि उभ्या धाग्यात कापड कमी ताणतं. किनार गेली की समोरची अंदाजानं कापत बसते.

नीळ_आणि_खळ

नवीन कापड कोरंच पाठवावं, या मताची मी. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून ते सरळ कापलं जातं. फॅट क्वार्टर वॉशिंग मशीनमध्ये टाकला की चारी कडांचे धागे सुटून गुंता होतो, तुकडा लहान होतो, वर वेडावाकडा. शिवाय ज्या धुऊनच वापरतात त्या तुम्ही धुतलेलंही पुन्हा धुणारच.

पण एका पाकिटात कोरं आणि धुतलेलं यांची सरमिसळ करू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. न आटलेला तुकडा आटलेल्याशेजारी शिवला गेला की गोधडी पहिल्यांदा धुतल्यावर शिवणीपाशी चुण्या पडतात आणि दोष शिवणारीच्या हाताला लागतो. प्रत्येक तुकड्यासोबत कागदाची चिठ्ठी हवीच: शुद्ध सुती की मिश्र, कोरं की धुतलेलं, पन्हा किती, रंग जातो की नाही. कापडावर पेनानं काही लिहू नका. चिठ्ठी टाचणीनं किंवा स्टेपलनं लावू नका, पावसाळ्यात गंज चढतो आणि त्याचा डाग निघत नाही. सेलोटेप तर मुळीच नको. उन्हात त्याचा डिंक पाघळून कापडात उतरतो. चिठ्ठी नुसती घडीत सरकवावी.

रंग जातो का ते असं बघायचं: तुकड्याचा कोपरा पांढऱ्या वाटीत कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवायचा. मग तो ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरून इस्त्री फिरवायची. लाल, मरून, गडद निळा, काळा हे तर तपासल्याशिवाय पाठवूच नयेत. पाणी स्वच्छ राहून फडक्यावर डाग उठला तरी रंग जातोच असं समजा. इंडिगोचा रंग नुसत्या घासण्यानंही लागतो, तेव्हा तो पांढऱ्यासोबत एका पिशवीत कोंबू नका. मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. गिरणीतून रंगवून आलेल्या कापडावर त्याचा उपयोग होत नाही. सुटणारा जादा रंग पुन्हा पुन्हा धुऊनच काढावा लागतो.

कपाटातल्या कापडाला डांबरगोळ्यांचा वास असेल तर प्लॅस्टिकमध्ये बंद केल्यावर तो आणखी कोंडतो. सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस पसरून ठेवा. आपल्याकडच्या उन्हात नको, घडीच्या रेघा फिक्या पडतात. आणि वास घालवायला अत्तर किंवा सुगंधी सॉफ्टनर वापरू नका. कित्येकींना त्यानं शिंका येतात, डोकं दुखतं.

काठपदर

वर लिहिलंय ते फॅट क्वार्टरपुरतं बरोबर. अर्धा मीटर किंवा त्याहून मोठं, किनारीसकट पन्हाभर कापड असेल तर मी म्हणेन धुऊनच पाठवा. कापलेल्या दोन कडांना झिगझॅग मारा, साध्या पाण्यात धुवा, दमट असतानाच इस्त्री करा. एवढ्या लांबीत थोडे धागे सुटले तरी बिघडत नाही आणि तुकडा पोचल्या दिवशी कापायला घेता येतो.

आणि स्पष्टच बोलते, हळदीकुंकवात मिळालेले, तीन घरं फिरून आलेले ओटीचे ब्लाऊजपीस गोधडीवालीला पाठवू नका नं बाप्पा! बहुतेक मिश्र धाग्याचे असतात. सुती कापडाला लागते तेवढी इस्त्री त्यांना सोसत नाही, चकाकी येते, आणि शिवण दाबून बसत नाही. शंका असेल तर उभे-आडवे दोन-दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि बोटांत चुरगळणारी राख. पॉलिएस्टर आकसून वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी राहतो. ब्लाऊजची रुबिया शुद्ध सुती निघाली तरी पातळ असते. जाड पॉपलिनशेजारी शिवली की ओढली जाते. पाठवायची तर सगळी रुबियाच पाठवा.

टपालखिडकी

वजनापासून सुरुवात करा. मध्यम जाडीचा फॅट क्वार्टर साधारण ३५ ग्रॅम भरतो. सहा तुकडे आणि पाकीट धरून २५० ग्रॅमच्या आत बसतात. टपालाचे दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतात. १० ग्रॅमसाठी पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात, म्हणून घरच्या काट्यावर आधी तोलून बघा. खोक्यात घालू नका, विनाकारण वजन वाढतं.

सगळे तुकडे एकाच मापाच्या घडीत घालून पातळ पुठ्ठ्याभोवती गुंडाळा. मग झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि त्यावर जाड कुरिअर पिशवी. आतली प्लॅस्टिकची पिशवी गाळू नका. नागपुरातला पाऊस संपला असला तरी बेळगावच्या बाजूला दिवाळीच्या तोंडावरही सरी असतात. मात्र कापड पूर्ण कोरडं असल्याशिवाय पिशवी बंद करू नका, बुरशीचे काळे ठिपके पडतात. आत एका कागदावर दोन्ही पत्ते आणि फोन नंबर ठेवा. बाहेरचं लेबल निघालं तर तेवढाच आधार.

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. ज्याचं नाव त्याच्याच हाती द्यायचं असेल तर स्पीड पोस्टाला नोंदणी वेगळी जोडता येते. समोरची दिवसभर नोकरीवर असेल तर ती जोडू नका, पार्सल परत-परत फिरतं. खेड्यातल्या पत्त्याला पोस्टच बरं. शहरात कुरिअर चालेल, पण पैसे आधी तुम्ही भरा. भेटीसाठी समोरचीला पैसे मोजायला लावणं म्हणजे कमालच. दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळा, राखीच्या वेळेसही हीच गर्दी असते.

इंग्लंडचं वेगळं. सीएन २२ या कस्टमच्या फॉर्मवर नुसतं गिफ्ट लिहून भागत नाही. इंग्रजीत "कॉटन फॅब्रिक पीसेस", वजन, खरी किंमत आणि शुल्काचा सांकेतिक क्रमांक लिहा. २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरपर्यंतच्या सुती विणलेल्या कापडाचा गट ५२०८. ओळखपत्राची झेरॉक्स सोबत न्या. व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीची किंमत ३९ पौंडांपर्यंत असेल तर तिकडे आयातीवरचा कर (व्हॅट) लागत नाही. त्याहून महाग पाठवलंत तर तिलाच भुर्दंड. आणि तिला परतभेट पाठवू नको असं आधीच सांगा. परदेशातून टपालानं येणाऱ्या भेटींची शुल्कमाफी भारताने डिसेंबर २०१९ मध्ये बंद केली, सवलत राहिली ती राखी आणि जीवरक्षक औषधांना. तिनं प्रेमानं पाठवलेल्या कापडावर तुम्हालाच पैसे भरावे लागतील.

सुईदोरा_नागपूर

सगळ्यांचे आभार. साड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. आई आता नाही, त्यामुळे साड्या पाठवाव्यात की नाही हाच पेच आहे. आणि पाठवल्यावर त्यांनी काय शिवलं हे विचारलं तर चालतं का?

वाकळ_उमरेड

साडी न विचारता पाठवायची नाही, आणि विचारताना ती कोणाची हेही सांगायचं. काही घरांत गेलेल्या माणसाचं कापड घेत नाहीत, काहींना तेच मोलाचं वाटतं. फोनवर बोलताना समोरची थोडी जरी अडखळली तर विषय सोडा. तिला कारण द्यायला लावू नका.

साडी गोधडीला चालेल का ते दारात उजेडाकडे धरून बघा. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या घडीवर धागे विरळ झालेले दिसतात. त्या पट्ट्यावर दोन्ही अंगठे जवळ ठेवून हलकेच ताणा. चर्र आवाज आला की तो भाग बाद. पदर आणि काठाजवळचं बहुधा चांगलं निघतं. विरळ भाग वरच्या तुकड्यांना नाही, पण आतल्या थराला चालतो, आणि हातानं धावदोरा घालताना सुई त्यातून अलगद जाते. म्हणून हातानं शिवणाऱ्यांना साडी पाठवा, मशीनवालीला नाही. मशीनचे दाते तिला ओढतात.

काठ वेगळा कापून पाठवणार असाल तर लागून साडीचं दोन-तीन इंच अंग ठेवा. नागपुरी काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते. नुसता काठ कापला तर शिलाईला जागाच उरत नाही आणि काठावरच्या करवती नक्षीचे दाते शिवणीत जातात. फॉल लावलेला असेल तर काढून टाका. फॉलच्या शिलाईची भोकं राहतात, ती पाण्याचा हात लावून इस्त्री केली की बरीच बुजतात. साडी फक्त साध्या पाण्यात धुवून पाठवा, नव्यानं खळ करू नका. खळ केलेली साडी घडीवर लवकर चिरते, आणि खळीला झुरळं, कसर लागते.

एक साडी चौघींत वाटायची की एकीलाच द्यायची, तर एकीला द्या. चौघींना थोडं-थोडं मिळून कोणाचाच आतला थर होत नाही.

"काय शिवलंस?" हे विचारू नका. कापड एकदा दिलं की ते तिचं. ती वर्षभर ठेवेल, दुसरीला देईल, नाहीतर पायपुसणंही करेल. तुम्हाला साडीचा एखादा तुकडा कुठे गेला ते पाहायचंच असेल, तर तसं पाठवण्याआधी बोला, म्हणजे तिला नको म्हणता येईल.

काठपदर

पार्सल मिळाल्याचं मात्र त्याच दिवशी कळवायला हवं, हे घेणाऱ्यांसाठी. उघडलेल्या घडीचा एक फोटो पुरे. "आता मी काय पाठवू?" हे लगेच विचारू नये. आणि सुईदोराताई, दुकानाचं किमतीचं लेबल काढा, पण कापडाच्या किनारीवर छापलेलं गिरणीचं नाव राहू द्या. पुढेमागे कापड कमी पडलं तर तेच घेऊन दुकानात शोधता येतं.