दाढीनंतर फक्त गळ्यावरच आग, पुळ्या आणि आत अडकलेले केस: पद्धतीत काय बदलावं?

राठकेस (प्रश्न)

गालांवर काही त्रास नाही. गळ्यावर मात्र कंठमण्याच्या खाली, दोन्ही बाजूंना, दाढी होताच आग होते आणि एक-दोन दिवसांनी बारीक टणक पुळ्या येतात. काहींच्या आत काळा केस गुंडाळलेला स्पष्ट दिसतो. पुळ्या बसल्या तरी काळे डाग राहतात.

केस जाड आणि कुरळे आहेत. रोज दाढी, पाच पात्यांचं कार्ट्रिज, वर जेल. आधी वरून खाली एक हात, मग गुळगुळीत होण्यासाठी कातडी ताणून खालून वर दुसरा. शेवटी झोंबणारं आफ्टरशेव्ह. कार्ट्रिज वेळेवर बदलूनही फरक पडत नाही. पूर्ण दाढी राखणं सध्या शक्य नाही. पद्धतीत नेमकं काय बदलायचं, आणि आत्ता जे केस आत आहेत त्यांचं काय करायचं?

एकपाती

तुमच्या वर्णनात दोन वेगळे त्रास आहेत, ते आधी सुटे करायला हवेत. लगेच होणारी आग आणि लाली म्हणजे वरवरचं खरचटणं. केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही पात्याखाली येतो. हे दोन-तीन दिवसांत आपोआप शमतं. नंतर उगवणाऱ्या टणक पुळ्या आत शिरलेल्या केसांमुळे येतात. तिथे शरीर स्वतःच्याच केसाला परकी वस्तू समजतं आणि त्याभोवती सूज आणतं. नव्या कार्ट्रिजने खरचटणं कमी होईल, पुळ्या थांबणार नाहीत.

केस आत जातो दोन प्रकारे. कुरळ्या केसाचं मूळच वाकडं असतं, त्यामुळे तो तिरका बाहेर पडतो, जरा वाढला की वळतो आणि शेजारच्या कातडीत टोक खुपसतो. दुसरा प्रकार तुमच्या पद्धतीमुळे जास्त होत असणार. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस पकडून थोडा वर ओढतं, मागचं कापतं, आणि उरलेला खुंट कातडीच्या पातळीखाली परत जातो. त्याचं टोक तिरकं कापलेलं, अणकुचीदार. वाढताना तो छिद्रातून वर यायच्या ऐवजी छिद्राची भिंतच भेदतो. ताणलेली कातडी आणि उलटा हात (केसांच्या वाढीच्या विरुद्ध फिरवलेला), दोन्हींमुळे केस आणखी खाली कापला जातो.

म्हणून पहिली गोष्ट: गळा गालासारखा गुळगुळीत लागलाच पाहिजे हा हट्ट सोडा. बोट फिरवल्यावर किंचित खुंट लागले, तर दाढी बरोबर झाली. लांबून बघणाऱ्याला ते दिसतही नाहीत.

खालून वर मारायच्या त्या दुसऱ्या हाताऐवजी हे करून बघा. एकाच पात्याचा सेफ्टी रेझर घ्या, तोही सौम्य डोक्याचा, ज्यात पातं फार बाहेर येत नाही. डोक्याचा वरचा भाग कातडीला टेकवा, मूठ आडवी धरा आणि पातं केसाला लागेपर्यंत हळूहळू खाली आणा. साधारण 30 अंशांवर ते लागतं. मग रेझरच्या वजनानेच चालवायचं, वरून दाब शून्य. कार्ट्रिजवर दाब देण्याची सवय हातात बसलेली असते आणि सेफ्टी रेझरने तोच दाब दिला तर कापतं, त्यामुळे सुरुवातीला फक्त गालांवर सराव करा, गळ्यावर नंतर या.

उलटसुलट

वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट राहिली आणि गळ्याच्या बाबतीत तीच बहुतेकदा मूळ असते. तुमचा ‘वरून खाली’ हा हात सुलटा आहे हे कशावरून ठरवलंत?

गालांवर केस साधारण खाली वाढतात. गळ्यावर तसं नसतं. बऱ्याच जणांचे कंठमण्याखालचे केस खालून वर वाढतात, काहींचे कानाकडे आडवे, आणि बाजूला भोवराही असतो. तुमच्या पुळ्या नेमक्या तिथेच आहेत. म्हणजे ज्याला तुम्ही सुलटा हात समजताय तो त्या भागात उलटा पडत असण्याची दाट शक्यता आहे.

तपासायला दोन-तीन दिवस केस वाढू द्या. चांगल्या उजेडात बोटाचं टोक गळ्यावर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवा. ज्या दिशेने बोट अडखळत नाही ती तिथल्या केसांची दिशा. नाण्याएवढ्या भागातही दिशा बदलते, म्हणून घाई नको. कागदावर गळ्याची आकृती काढून बाण करा आणि आरशाशेजारी लावा. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, तेव्हा आकृती आरशात दिसतं तशीच काढा. पुढे रेझर फक्त बाणाच्या दिशेने. भोवऱ्यात चार छोटे हात चार दिशांनी मारावे लागले तरी चालतील.

कंठमण्यावर कातडी ताणण्याऐवजी बोटाने हलकेच एका बाजूला सरकवा, म्हणजे उंचवट्यावरचे केस सपाट जागी येतात. तिथे कापा आणि सोडा.

तयारीत तुमच्या प्रश्नात पाण्याचा उल्लेखच नाही. कोरडा जाड केस चिवट असतो, भिजला की मऊ पडतो आणि कमी जोराने कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटं कोमट पाणी लागतं. आंघोळीनंतर लगेच दाढी करणं सर्वांत सोपं, नाहीतर कोमट ओला टॉवेल गळ्याला धरा. कढत पाणी नको, त्याने कातडीवरचं तेल निघून जातं आणि आग वाढते. मग क्रीम किंवा शेव्हिंग सोप ब्रशने गोल गोल फिरवून लावा. गळ्याचे केस कातडीला चिकटून आडवे पडलेले असतात, ब्रशमुळे ते उठतात. फेस मिनिट-दोन मिनिटं तसाच राहू द्या. अंगाचा साबण मात्र यासाठी वापरू नका, त्याचा फेस पटकन सुकतो आणि रेझर घसरत नाही.

हात दोन-तीन सेंटिमीटरचेच, दर एक-दोन हातांनी पातं पाण्याखाली धरायचं. एखादी जागा राहिली तर पुन्हा फेस लावूनच तिथे जायचं. बिनफेसाचा ‘जाता जाता एक हात’ गळ्याला सर्वांत महाग पडतो. शेवटी गार पाणी, टॉवेलने टिपून कोरडं, आणि बिनवासाचं, बिनअल्कोहोलचं मॉइश्चरायझर. झोंबणारं आफ्टरशेव्ह बंद.

पातं पाच ते सात दाढ्यांत बदला. जाड केसांना त्याआधीच ओढल्यासारखं वाटू लागतं, तसं वाटलं की आकडा मोजत बसू नका, बदला. रेझर झटकून न्हाणीघराबाहेर, कोरड्या जागी ठेवा.

शून्यगार्ड

एकपाती यांच्याशी थोडा मतभेद. केस मध्यम वळणाचे असतील तर एका पात्याने काम होतं. पण केस फार कुरळे असतील आणि पुळ्या रोजच्या असतील, तर कातडीला टेकणारं कुठलंही पातं काही काळ बंद करणं हाच खात्रीचा मार्ग आहे. प्रश्नकर्त्यांना दाढी नको आहे, पण अर्धा ते एक मिलिमीटर खुंट चालतील ना? मग ट्रिमर. कंगवा काढून, दाते कातडीला समांतर ठेवून, न दाबता फिरवायचं. केस कातडीच्या वर कापला जातो, त्यामुळे भिंत भेदण्याचा प्रकार जवळजवळ संपतो. दर दोन-तीन दिवसांनी फिरवलं तरी पुरतं.

कमीत कमी महिनाभर तरी फक्त ट्रिमर वापरा. पहिल्या आठवड्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटतील, कारण आधी कापलेले खुंट अजून वळून आत जात असतात. तिथेच बहुतेक जण कंटाळून पुन्हा रेझर उचलतात. तो टप्पा काढला की अडकलेले बरेच केस वाढता वाढता आपणच बाहेर येतात, कारण लांबलेला केस स्प्रिंगसारखा ताणून टोक बाहेर ओढतो.

जाळीच्या इलेक्ट्रिक शेव्हरनेही चालतं, पण तो दाबून फिरवला की पुन्हा तीच जवळची कापणी होते. तो बहुतेक कोरड्या कातडीवर चांगला चालतो, म्हणून आंघोळीनंतर जरा थांबून वापरा. केस विरघळवणाऱ्या क्रीमने टोक बोथट राहतं हे खरं, पण गळ्याची कातडी त्याने सहज भाजते. वापरायचंच असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला चाचणी, डब्यावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही, आणि सोललेल्या जागेवर अजिबात नाही.

राठकेस

दिशा तपासली. डाव्या बाजूला कंठमण्याखाली केस सरळ वर वाढतात, उजवीकडे कानाकडे. म्हणजे माझा पहिला हातच उलटा होता. महिनाभर ट्रिमर आणि मग एका पात्यावर जाईन. पण आत्ता आत दिसणारे केस? चिमट्याने उपटले तर चालतात का? आणि सॅलिसिलिक ॲसिड, तुरटी यांनी काही होतं का?

पापुद्रा

उपटू नका. उपटलेल्या जागी नवा केस खोलवरून येतो, तो येतानाच छिद्राची भिंत भेदू शकतो आणि त्याच जागी पुन्हा पुळी. केस फक्त मोकळा करायचा असतो. कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. मऊ पडलेल्या कातडीवर केसाचा वेढा वरून दिसत असेल तरच स्पिरिटने पुसलेल्या सुईचं टोक वेढ्याखाली आडवं घालून उचला. टोक बाहेर आलं की थांबा, तो केस तिथेच राहू द्या. वेढा दिसत नसेल तर कोरू नका. कोरल्याने राहणारा डाग पुळीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

सॅलिसिलिक ॲसिड 2% किंवा ग्लायकॉलिक ॲसिड 5 ते 10% उपयोगी आहे, कारण छिद्राच्या तोंडावरची मृत कातडी सुटते आणि केसाला वाट मिळते. दोन्हींपैकी एकच घ्या. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री, पातळ थर. दाढी झाल्यावर लगेच नाही, मध्ये रात्र जाऊ द्या. खसखसून घासण्याचे स्क्रब सुजलेल्या पुळ्यांवर नकोत. पुवाची टोकं येत असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5% चालतं, पण त्याने कॉलर आणि टॉवेलचा रंग उडतो.

तुरटी कातडी आकसवते आणि बारीक कापल्याचं रक्त थांबवते. आत गेलेल्या केसावर तिचा परिणाम नाही. लावायचीच तर ओल्या गळ्यावर हलकी फिरवून अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडून खाजते. तुरटीचा खडा दुसऱ्याबरोबर वाटून वापरू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं गळ्यावर चोळू नका. लाली दोन दिवसांत जाते म्हणून ती आवडतात. पण कातडी पातळ होते, सोडल्यावर त्रास दुप्पट उसळतो, आणि मुळात बुरशी असेल तर ती लपून पसरत राहते.

डागांसाठी सकाळी एसपीएफ 30 किंवा अधिकचं सनस्क्रीन. नव्या पुळ्या थांबल्याशिवाय डागांवरच्या क्रीमवर पैसे घालवू नका. डाग जायला महिने लागतात, ते स्वाभाविक आहे.

एकपाती

शून्यगार्ड यांचं ‘आधी महिनाभर ट्रिमर’ पटलं, क्रम तोच ठेवा. पण ट्रिमरचं डोकं दर वेळी ब्रशने साफ करा आणि थेंबभर तेल द्या. बोथट ट्रिमर केस ओढतो आणि मग माणूस नकळत दाबतो.

पापुद्रा

प्रत्येक पुळी आत गेलेल्या केसाचीच नसते, म्हणून पुढची लक्षणं असली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गोल, कडेने खवले सुटणारा चट्टा आणि त्यातले केस न दुखता सहज हातात येत असतील तर बुरशी. पुवाच्या पुळ्या भराभर पसरत असतील, दुखत असतील किंवा ताप असेल तर जंतुसंसर्ग. मानेच्या मागे, केसांच्या रेषेवर टणक गाठी येत असतील तर केस कापताना तिथे वस्तरा किंवा शून्य मशीन फिरवू देऊ नका, त्या वाढून कायमचे जाड व्रण होतात.

सगळं करूनही थांबलं नाही तर लेझरचा विचार करता येतो. सावळ्या-काळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित, कारण तो वरच्या रंगद्रव्यात कमी शोषला जातो. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. बऱ्याच बैठका लागतात आणि केस पूर्ण संपण्यापेक्षा विरळ आणि बारीक होतात, पण पुळ्यांसाठी तेवढंही पुरतं.

राठकेस

शेवटचं विचारतो. नंतर रेझरवर गेल्यावर रोज केली तर चालेल की एक दिवसाआड? आणि दिवसभर घट्ट कॉलर असते.

उलटसुलट

एक दिवसाआडने सुरुवात करा. गाल रोज, गळा एक दिवसाआड, असंही करता येतं. दोन आठवडे नवी पुळी आली नाही तर गळाही रोज करून बघा, पण एकच हात, बाणाच्या दिशेने. कॉलर असेल तर गळ्याची दाढी रात्री करा, म्हणजे ताज्या कातडीवर कडक कापड घासण्याआधी तिला काही तास मिळतात. कॉलरच्या आत दोन बोटं सहज जातील एवढी ढील ठेवा, आणि ॲसिड लावायची रात्र दाढीच्या रात्रीपासून वेगळी ठेवा.