खांदा निखळून चौदा आठवडे झालेत. खळाळत्या पाण्यात कनू उतरवू का?

अनवट:
एकट्याने वल्हवायच्या उघड्या कनूत (अरुंद होडीत) मी नऊ वर्षं फिरतोय. चौदा आठवड्यांपूर्वी एका लाटेत कनू कलंडली, मी सवयीने उजवा हात डोक्याच्या वर नेऊन वल्ह्यावर भार टाकला आणि खांदा पुढच्या बाजूला निखळला. शस्त्रक्रिया केलेली नाही. फिजिओथेरपी एकदाही चुकवली नाही. हात पूर्ण वर जातो, रबर बँडचे व्यायाम न दुखता होतात. पण चेंडू फेकताना हात मागे नेतो तसा नेला की आत काहीतरी सरकेल असं वाटतं. दुखत नाही, पण मी हात लगेच खाली घेतो.

तीन आठवड्यांनी आम्हा पाच जणांचा नदीवर दोन दिवसांचा बेत आहे. रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, बहुतेक ग्रेड २चे, दोन ग्रेड ३चे (आकडा जितका मोठा तितकं पाणी अवघड). ते दोन काठाने चालत टाळता येतात. डॉक्टर म्हणाले, 'हलकं वल्हवायला हरकत नाही.' त्यांच्या मनात तलाव होता की नदी, हे मी विचारलंच नाही. इतके दिवस घरात काढलेत की आता पाण्याचा आवाज आठवला तरी जीव कासावीस होतो. जाऊ का?

खडकवाट:
तुम्ही लिहिलंय तीच स्थिती फिजिओ मुद्दाम तपासतात. हात बाजूला, कोपर वाकवलेलं, पंजा मागे. तिथे न दुखता नुसती धास्ती वाटली तरी सांधा अजून स्थिर नाही असं धरतात. माझाही खांदा निखळला होता, आणि चौथ्या महिन्यात मी ग्रेड २वर गेलो होतो. कनू उलटली, मित्राने फेकलेला दोर मी दुखऱ्या हाताने धरला आणि प्रवाहाच्या ओढीने खांदा पुन्हा निखळला. मग शस्त्रक्रिया, आणि सहा महिने वल्ह्याला हात नाही. तुमच्या हातून तसं होऊ नये, एवढंच वाटतं.

निळीशार:
वल्हवता येईल का, यापेक्षा पडल्यावर पोहता येईल का ते बघा. प्रवाहात उभं राहायचं नाही, पाय खडकात अडकतो. उताणं होऊन पाय पुढे ठेवायचे हे ठीक, पण खडकामागच्या शांत पाण्यात शिरायचं तर पालथं होऊन जोरात हात मारावेच लागतात, आणि तेव्हा हात नेमका डोक्यावरून जातो. शिवाय एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो. पाण्याने भरलेली कनू एका हाताने कशी आवरणार? आधी लाइफ जॅकेट घालून तलावात उडी मारा, पोहा, कनूत परत चढून बघा.

अनवट:
काठावर दोर घेऊन उभा राहिलो तर?

निळीशार:
नको. वाहत्या माणसाचा झटका दोर धरणाऱ्याच्या खांद्यालाच बसतो.

अनवट:
काल फिजिओकडे जाऊन आलो. त्यांनी हात मागे नेला आणि मी त्यांचं मनगट धरून थांबवलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. पुढचे सहा आठवडे तलाव, तोही हात खांद्याच्या वर न नेता. बाकी चौघांना रात्रीच कळवलं. नदीच्या खालच्या टोकाला गाडी घेऊन मी थांबेन. हात खाली ठेवून वल्ह्यावर तोल सावरायची सवय नव्याने कशी लावायची, हे खडकवाट, तुम्ही सविस्तर लिहाल का?