मदत हवी आहे: आईसोबत म्हणायला स्तोत्रं सुचवा

जय ख्रिस्त मंडळी, आईचं डायलिसिस चालू आहे, मशीनवर चार चार तास पडून असते तेव्हा मी शेजारी बसून बायबल वाचतो. सगळे स्तोत्र २३ नाहीतर ९१ च फॉरवर्ड करतात, छानच आहेत ती, पण परवा आई म्हणाली अरे आज मला देवाशी भांडायचंय, तसलं काही आहे का बघ! मग १३ वाचलं, त्यात सरळ विचारलंय की देवा अजून किती दिवस, ते तिला पटलं. ८८ पण उघडलेलं, पण ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, वॉर्डात मोठ्याने वाचवेना. अशी गाऱ्हाण्याची अजून कुठली आहेत? छोटी हवीत, तिला लगेच धाप लागते.