सापळे मोजायचे नसतील तर टांगता कशाला?

कृष्णाकाठ, वाळवा
आष्ट्याच्या बाजूनं जा, वांग्याच्या आणि टोमॅटोच्या रानांत कामगंध सापळे ओळीनं टांगलेले दिसतील. जवळ जाऊन पिशवी उघडा. गंधाची गोळी वाळून गेलेली, तळाला पतंगांचा भुगा, आणि आकडा कुणाच्याच वहीत नाही. फवारणी मात्र दर आठवड्याला ठरलेली!

माझं म्हणणं असं की एकरी दोन सापळ्यांनी कीड संपत नाही. ते टेहळणीसाठी असतात. गोळीतून मादीच्या गंधासारखा गंध सुटतो, त्यावर नर येतात. अंडी घालणारी मादी पिकातच राहते. म्हणून रोजचा आकडा लागतो. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीला एका सापळ्यात रोज 8 पतंग, सलग 3 दिवस, अशी फवारणीची पातळी ठरवून दिली आहे. वहीच नसेल तर ते 8 कुठं बघणार? अनुदानात मिळाले म्हणून टांगणाऱ्यांनी ते पोराबाळांना खेळायला द्यावेत.

आडसाली, कराड
बोलायला सोपं आहे दादा. रात्रीच्या लायटीवर पाणी पाजायचं, सकाळी दूध घालायचं, वर कारकुनीही शेतकऱ्यानंच करायची? 2008 ला विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळी तुटून पडली, त्यानंतर 2009 पासून सरकारनं क्रॉपसॅप, म्हणजे पिकांवरच्या किडीच्या पाहणीची योजना सुरू केली. मोजायचं काम त्यांचं. उसाचं कारखान्याच्या शेतकी खात्याचं. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा माणूस, उसाच्या नोंदीला रानात येतोच की, त्याच्याच हातात द्या वही.

आणि सापळ्यावर एवढा भरवसा असेल तर 2002 ला लोकरी मावा, ही पानातला रस शोषणारी कीड, सांगलीच्या उसात शिरला तो आठवा. पानाखाली पांढरा थर दिसला तेव्हा लोकांना कळलं. बांधावरून फिरणारा माणूस हाच खरा सापळा.

कृष्णाकाठ, वाळवा
ज्या किडीची गोळी तीच कीड येणार. मावा बोंडअळीच्या सापळ्यात शोधला तर दोष कुणाचा? आणि क्रॉपसॅपचा सर्वेक्षक ठरलेल्या गावांतल्या ठरलेल्या प्लॉटवर जातो. तुमच्या अर्ध्या एकर वांग्याला तो कधी पुरायचा?

आडसाली, कराड
वांगं सोडा, उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचं बोला. तिथं मोजायचं काय? वळवाचा चांगला पाऊस झाला की संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर पाला खातात, तिथंच जुगतात. नर-मादी दोन्ही एका झाडावर. मादीनं जमिनीत जाऊन अंडी घालायच्या आत फांद्या हलवायच्या, खाली पडतील ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. वर्षाला एकच पिढी, म्हणजे आता धरला तो वर्षभराचा गेला. प्रकाश सापळाही याच कामाचा. आमच्या भावकीनं बांधाबांधावर दिवे लावलेत, पहाटेपर्यंत घमेली भरतात.

जावळी खोरं
पहाटेपर्यंत? त्या घमेल्यात हुमणी किती आणि बाकीचं काय काय, हे एकदा तरी निवडून पाहिलंय का? दिव्याला नाक नसतं. मावा खाणारा क्रायसोपा येतो, कीड खाणारे मित्रभुंगे येतात, रात्री फुलणाऱ्या झाडांचं परागीभवन करणारे पतंग येतात. आम्ही कोयना अभयारण्याच्या कडेला राहतो. जंगलाला लागून असा दिवा रात्रभर जळला की कीड मरते त्यापेक्षा जास्त जंगलच घमेल्यात येतं. भुंगेऱ्यांचा जोर दिवस मावळल्यावरचा, म्हणून दिवा 7 ते 10, पुढं बंद. जंगलाच्या हद्दीवर तर लावूच नये, असं माझं मत.

जंगलातल्या किडीसाठी आमिष कसं असावं ते मध्य प्रदेशात बघा. साल वृक्षाच्या खोडात शिरणाऱ्या भुंग्यासाठी तिथं पावसाळ्यात एखाददुसरं झाड पाडतात, ओंडके करून टोकाची साल ठेचतात. त्या रसाच्या वासानं आजूबाजूचे भुंगे येतात, रस पिऊन सुस्तावतात, माणसं वेचून घेतात. 1990 च्या दशकातल्या मोठ्या साथीत असेच भुंगे गोळा केले. पाडलेल्या झाडाचं वाईट वाटतं खरं, पण येते ती बहुतेक हवी तीच कीड.

तासगावकर
नरच येतात म्हणून सापळा नुसता मोजणीचा, हे सरसकट पटत नाही. फळमाशीचं बघा. आंबा-पेरूच्या बागेत मिथाइल युजेनॉल या वासाच्या आमिषावर नर असे तुटून पडतात की पुरेसे सापळे लावले तर माद्यांना जोडीदार मिळत नाही. 1960 च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावरून याच आमिषाला कीटकनाशकाची जोड देऊन माशी संपवली. 2014 ला युरोपनं आपला हापूस माशीपायी अडवला होता, तेव्हापासून निर्यातवाल्या बागा हे सापळे जपून सांभाळतात.

कृष्णाकाठ, वाळवा
रोटा हे बेट आहे, चारी बाजूंनी समुद्र. तासगावात बांधापलीकडची बाग कुणी राखलेली नसली की तिकडची फळलेली मादी तुमच्या पेरूवर येतेच. अख्ख्या शिवारानं एकदम लावले तर मानेन. वांग्यातही सापळे दाटीनं लावून, वर दर आठवड्याला किडके शेंडे आणि फळं काढून नष्ट केली तर अळी आटोक्यात येते. पण मग एकरी दोनवर भागत नाही आणि गोळ्या महिन्याच्या आत बदलाव्या लागतात. लोक करतात भलतंच: टांगतात टेहळणीपुरते आणि अपेक्षा धरतात बंदोबस्ताची.

तासगावकर
शिवाराचं म्हणाल तर आमच्या गल्लीतले चारजण पाण्याच्या पाळीवर एक होत नाहीत, माशीवर कुठले होणार. तरी आपली बाग तेवढी वाचवायला मी लावतोच.

आडसाली, कराड
हुमणीला तरी एक व्हावंच लागेल. वळवाला दिवे लावू, दहाला बंद करू, जावळीकरांचं तेवढं पटलं. पण वही कृष्णाकाठनं धरायची, मी नाही.

कृष्णाकाठ, वाळवा
धरतो. पण जूनमध्ये भुंगेरे कमी निघाले आणि उसाच्या मुळाशी उकरून बघितल्यावर अळी नाही सापडली, तर जुलै-ऑगस्टची आळवणी, म्हणजे मुळाशी औषध ओतणं, थांबवणार का? ते आधी लिहा.