मदत हवी आहे: ऑरलँडो, डिस्ने आणि युनिव्हर्सल एकाच ट्रिपमध्ये, सहा जण, बजेट मर्यादित

नमस्कार मंडळी,

ऑरलँडोला जाऊन आलेल्यांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही तशीच येतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासू-सासरे सध्या इकडे आलेत, गणपतीला परत जाणार, त्याआधी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून जायचं ठरवतोय. आम्ही दोघं, मोठा नऊ वर्षांचा (सप्टेंबरमध्ये दहा पूर्ण), धाकटी चार वर्षांची आणि आई-बाबा असे सहा जण. मोठ्याला हॅरी पॉटरचं वेड आहे त्यामुळे त्याला युनिव्हर्सलच पाहिजे, धाकटीला सिंड्रेलाचा किल्ला बघायचाय म्हणजे डिस्नेचं मॅजिक किंगडम आलंच. दोन्ही रिसॉर्ट जवळजवळ आहेत, गाडीने अर्ध्या तासाच्या आत, म्हणून म्हटलं एकाच वेळी दोन्ही करू, कारण पुन्हा विमानाची सहा तिकिटं काढणं आम्हाला लवकर जमणार नाही आणि आई-बाबांचंही परत येणं कधी होईल माहीत नाही.

पण हिशोब मांडायला बसले आणि घाबरले. डिस्नेचे चार पार्क, युनिव्हर्सलचे आधीचे दोन, वर २०२५ मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स, माणसं सहा, आणि दहा वर्षांपासून पुढे सगळ्यांना मोठ्यांचा दर. सगळे पार्क सगळ्यांना दाखवायचे तर आमचं बजेट नुसत्या तिकिटांतच संपतं, राहणं-खाणं बाजूलाच.

विचारायचंय ते असं: कोणते पार्क सोडले तर मुलांचा विरस होणार नाही? एकाच ठिकाणी राहावं की अर्धे दिवस इकडे अर्धे तिकडे? सहा जणांना एक रूम कुठेच देत नाहीत, दोन रूम घेतल्या तर खर्च दुप्पट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईंचे गुडघे दुखतात, सलग तासभर चालणं होत नाही, बाबा ठणठणीत आहेत पण ऊन सोसत नाही. त्या दोघांना ही ट्रिप शिक्षा वाटू नये असं मला मनापासून वाटतं. आई शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही नाही. कुणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज लिहा.

*

प्रतिसाद:

ताई, ऑगस्टचा शेवट निवडलात ते छान केलंत. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू होतात आणि तुमच्याकडच्या सप्टेंबरमध्ये, त्यामुळे त्या दिवसांत गर्दी कमी आणि तारखेप्रमाणे बदलणारे डिस्नेचे तिकीटदरही खालच्या बाजूला असतात. मोबदल्यात ऊन आणि दुपारचा पाऊस. वीज कडाडली की बाहेरच्या सगळ्या राइड्स बंद करतात, म्हणून सकाळी गेट उघडताना हजर राहायचं आणि दुपारी एक-दोनला परत फिरायचं, आई-बाबांसाठी तर हे फारच बरं.

आता माझं स्पष्ट मत सांगतो, सहाही जणांना सगळ्या दिवसांची तिकिटं काढूच नका. तुमचे पैसे वाचणार असतील तर इथेच, कूपनं शोधून नाही. तुम्ही चौघांनी डिस्नेचं तीन दिवसांचं तिकीट घ्या, आई-बाबांना फक्त मॅजिक किंगडमचा एक दिवस, फार तर एपकॉट (डिस्नेचाच दुसरा पार्क) मिळून दोन. युनिव्हर्सलला त्यांचं तिकीट नकोच, तिथला मोठा भाग कोस्टर आणि स्क्रीनवाल्या राइड्सचा आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे एवढे पैसे देऊन बाकावर बसून राहायचं का? त्याऐवजी डिस्नेची मोनोरेल आणि स्कायलायनर (रोपवे आहे, २०१९ ला सुरू झाला) दोन्ही फुकट, पार्कचं तिकीट लागत नाही. डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-हॉटेलांच्या भागात जायलाही काही लागत नाही. अॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलमध्ये साना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथेही पार्कचं तिकीट लागत नाही, खिडकीबाहेर जिराफ-झेब्रे चरत असतात आणि वेगवेगळ्या नान-रोट्या आणि त्यासोबत चटण्यांच्या वाट्यांची रांगच समोर येते. आईंना अंडं चालत नाही हे आधी सांगा, कशात काय आहे ते विचारलं की नीट सांगतात. टेबल मात्र आधी बुक करा.

मॅजिक किंगडमला गाडीने गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पार्किंग पार्कच्या दाराशी नाही, तिथून मोनोरेलने नाहीतर फेरीबोटने तळ्यापलीकडे जायचं, तेव्हा गेट येतं. गाडी लावल्यापासून आत शिरेपर्यंत पाऊण तास धरा आणि आईंसाठी व्हीलचेअर घ्याच, त्या नको म्हणतील तरी घ्या. पार्कमध्ये भाड्याने मिळते, पण ती पार्कबाहेर नेता येत नाही, बाहेरच्या कंपन्या राहत्या जागी आणून देतात आणि ती पूर्ण ट्रिपभर हाताशी राहते. आत पीपलमूव्हर म्हणून राइड आहे, दहा मिनिटं सावलीत बसून पार्कातल्या टुमारोलँड भागावरून हळूहळू फेरी, ज्येष्ठांना फार आवडते. फक्त चढायला सरकता पट्टा आणि उतार आहे, व्हीलचेअर खाली ठेवावी लागते. एपकॉटला अकरा देशांचा वर्तुळाकार भाग दोन किलोमीटरच्या आसपास भरतो, तो व्हीलचेअरशिवाय नकोच.

राहण्याचं म्हणाल तर डिस्नेजवळच्या किसिमी गावात किचनवालं भाड्याचं घर. डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांत सहा जणांचे फॅमिली सूट आहेत (ऑल-स्टार म्युझिक, आर्ट ऑफ अॅनिमेशन), हॉटेलमध्ये राहिलात तर पार्किंग फुकट आणि रोज अर्धा तास आधी आत सोडतात, पण सहा जणांचं तीन वेळचं बाहेरचं खाणं धरलं की घर परवडतं. डिस्नेत घरचं खाणं नेऊ देतात, काचेचं काही नको आणि सुटा बर्फ नको. पोळीभाजीचे रोल करून न्या, आईंचा प्रश्नच मिटला. युनिव्हर्सलला मात्र जेवणाचा डबा चालत नाही, किरकोळ खाऊ चालतो. दोन्हीकडे काउंटरवर मागितलं की ग्लासभर थंड पाणी फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नका.

पार्क हॉपर (एकाच दिवशी डिस्नेच्या एकाहून जास्त पार्कांत जाता येणारं तिकीट) नको. अॅनिमल किंगडम पार्क यावेळी सोडा. एपिक युनिव्हर्स पण सोडा, ते युनिव्हर्सलच्या बाकी दोन पार्कांना लागून नाही, काही मैल लांब आहे आणि तिकीटही वेगळं. मुलगा पुढच्या वेळी बघेल.

*

धागाकर्ती:

खूप खूप धन्यवाद दादा, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना सगळी तिकिटं काढायची नाहीत हे डोक्यातच आलं नव्हतं, आपण सगळे एकत्रच असायला हवं असं धरून चालले होते. फक्त आई-बाबांना परक्या गावात दिवसभर घरी ठेवून आपण मजा करायची हे मनाला पटत नाहीये. आणि हॅरी पॉटरसाठी युनिव्हर्सलचे दोन्ही पार्क लागतातच का?

*

प्रतिसाद:

मी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. डायगन अॅली (हॅरी पॉटरमधली बाजारगल्ली) एका पार्कात (युनिव्हर्सल स्टुडिओज) आणि हॉग्समीड गाव व हॉगवर्ट्सचा किल्ला दुसऱ्यात (आयलंड्स ऑफ अॅडव्हेंचर), मधून हॉगवर्ट्स एक्सप्रेस ही रेल्वे धावते आणि तिच्यात बसायला दोन्ही पार्कांचं तिकीट लागतंच. मुलाला एवढं वेड असेल तर इथे कात्री लावू नका, एकच दिवस पण दोन्ही पार्क, हे पैसे सार्थकी लागतात. उंची मोजून घ्या, हॅग्रिडच्या मोटरबाइकच्या राइडला ४८ इंच लागतात, ग्रिंगॉट्सच्या राइडला ४२. धाकटीला नेलंत तर तिला चालणार नाही तिथे चाइल्ड स्वॅप मागा, म्हणजे तुमच्यापैकी एक जण तिच्याबरोबर आत थांबतो आणि दुसरा आला की पुन्हा रांग न लावता जातो.

आई-बाबांसाठी असं करता येईल. युनिव्हर्सलचा दिवस डिस्नेच्या दिवसांच्या मध्ये टाका, तीन दिवसांचं डिस्ने तिकीट पाच दिवसांत वापरता येतं त्यामुळे बसतं. त्या दिवशी एकाने आई-बाबांबरोबर थांबायचं, दुसऱ्याने मोठ्याला घेऊन युनिव्हर्सल करायचं. धाकटीचं तिथलं तिकीटही वाचलं, ती आजी-आजोबांबरोबर स्विमिंग पूलला खूश. सहाच्या जागी दोनच तिकिटं! तुम्हा दोघांपैकी कुणाला हॅरी पॉटर जास्त आवडतं तेवढं घरात ठरवा.

अजून एक, बुकिंगआधी तारखा बघाच. ऑगस्टमध्येच मॅजिक किंगडममध्ये काही रात्री हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना सहाला बाहेर काढतात आणि किल्ल्यावरची आतषबाजी बघायला मिळत नाही. धाकटीला आतषबाजी दाखवायची असेल तर पार्टी नसलेला दिवस घ्या. युनिव्हर्सल स्टुडिओजमध्येही ऑगस्टअखेरीपासून हॅलोवीनच्या रात्री सुरू होतात आणि तो पार्क लवकर बंद होतो, तेव्हा तिथलंही कॅलेंडर उघडून बघा आणि मगच विमानाची तिकिटं काढा. आणि उरलेली तिकिटं स्वस्तात विकणारे ऑनलाइन भेटतील, घेऊ नका, डिस्नेची तिकिटं दुसऱ्याच्या नावावर चालत नाहीत, गेटवर अडवतात.