दहा उद्दिष्टं मतदानानं ठरवा म्हणे. पैसे कुठल्या लेखाशीर्षातून?

शेळगी नाका
सोलापूरच्या या चर्चेत सगळे आपापल्या भागाच्या नावानं लिहितात. काल इथं एकानं लिहिलं, "महापालिकेनं दरवर्षी शहराची दहा उद्दिष्टं ऑनलाइन मतदानानं ठरवावीत, त्यांना अंदाजपत्रकात जागा द्यावी, बाकी आपोआप होईल." शंभरावर लोकांनी अंगठे दिले. मला हे अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अंदाजपत्रक फेब्रुवारीत छापतात, पण ठरतं त्याच्या आधी. दिवाळीच्या आसपास लेखा विभाग सगळ्या खात्यांकडून दोन आकडे मागतो, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची मागणी. तेही लेखाशीर्षनिहाय, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या एकेका शीर्षकानुसार. तिथून आयुक्त, मग स्थायी समिती, मग सर्वसाधारण सभा. कराचे दर तर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, हे 1949 च्या अधिनियमातच आहे. मतदान जानेवारीत घेतलंत, तर तुमच्या उद्दिष्टाला एक हजाराची टोकन, म्हणजे नावापुरती तरतूद मिळेल आणि लेखाशीर्ष वर्षभर उघडं पडून राहील.

शिवाय हात मोकळे किती आहेत ते बघा. पगार, पेन्शन, पंपांचं वीजबिल आणि मागच्या कामांचं दायित्व, म्हणजे द्यायची राहिलेली बिलं, आधी जातं. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 26 साठी दिलेल्या निधीत आपल्यासारख्या शहरांचा 60 टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. त्यातून बाग काढता येत नव्हती, कितीही मतं पडली तरी.

बाळीवेस
म्हणजे लोकांनी गप्पच बसायचं का ओ? पुण्यात 2006-07 पासून नागरिकांकडून कामं मागवतात. एका कामाला 5 लाखांची मर्यादा. अर्ज अंदाजपत्रकाच्या कितीतरी आधी घेतात, क्षेत्रीय कार्यालय जागेवर जाऊन बघतं, बसणारी कामं वर जातात. आपल्याकडंही झोन आहेत, कनिष्ठ अभियंते आहेत. अडतंय कुठं?

आणि कायदा बघा की. 3 लाखांवरच्या शहरात प्रभाग समिती घटनेनंच सांगितलीय. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद अधिनियमात आहे. मार्च 2022 ला मुदत संपली आणि प्रशासक आले. तेव्हा तर विचारणाराच उरला नाही. उद्दिष्टं तेव्हाही ठरतच होती, फक्त आपल्याला न विचारता.

जुळे सोलापूर
उद्दिष्टं, क्षेत्रसभा, सगळं राहू द्या. 1992 ला हद्दवाढ झाली, 33 चौरस किलोमीटरचं शहर 178 चं झालं. तीस वर्षं उलटली तरी हद्दवाढ भागात ड्रेनेज नाही, रस्ते नाहीत, कर मात्र पुरता. एकच उद्दिष्ट लिहा: रोज पाणी. त्यापुढं काही लिहायची गरज नाही. उजनी धरणापासूनची समांतर जलवाहिनी आल्यावर कारण तरी कुठलं उरतं?

टाकळी-सोरेगाव
मालक, "रोज पाणी" ही घोषणा झाली. उद्दिष्ट कशाला म्हणायचं, ते केंद्राच्या 2008 च्या सेवास्तर मानकांत स्पष्ट आहे. माणशी 135 लिटर, गळतीसह बिलात न येणारं पाणी 20 टक्क्यांच्या आत, पुरवठा 24 तास, मीटर 100 टक्के, तक्रारींचं निवारण 80 टक्के. यातलं प्रत्येक मोजता येतं. चार दिवसांआड दोन तास पाणी सोडलं, तर मानकाच्या तक्त्यात रोजची 24 मिनिटं लागतात. अहवालात "पुरवठा नियमित" एवढं लिहून भागत नाही.

आता वाहिनी. उजनी ते सोलापूर 110 किलोमीटर, क्षमता 170 एमएलडी, म्हणजे रोज 17 कोटी लिटर. 2011 च्या 9 लाख 51 हजार लोकांत वाटलं तर या एकट्या वाहिनीचं माणशी 179 लिटर येतं. कागदावर प्रश्न सुटला. पण गळती 20 टक्के धरली तर 143 उरतात आणि 40 टक्के धरली तर 107. पाणी तेवढंच, तरी मानक हुकतं. म्हणून वाहिनीपेक्षा वितरण आधी.

जुळे सोलापूर
गळतीचं तुणतुणं किती वर्षं ऐकायचं? भीमा नदीतनं पाणी सोडून औज बंधारा भरायचा आणि टाकळीहून उपसायचं, त्यात वाटेत किती जिरतं, किती मोटारी ओढतात, हे कुणी मोजलं? ते चालतं, आणि नळाच्या शेवटच्या घरातल्या बाईनं पाणी मागितलं की गळती आठवते! एसीत बसून टक्केवारी सांगू नका.

टाकळी-सोरेगाव
नदीबद्दल तुमचं बरोबर आहे, वाहिनीचं खरं समर्थन तेच आहे. पण शेवटच्या घरात पाणी का पोचत नाही ते ऐकून घ्या, त्या बाईच्या बाजूनंच बोलतोय.

चार दिवस रिकामी राहिलेली गल्लीतली वाहिनी आधी भरावी लागते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं त्यातच जातात. मग वरच्या अंगाची घरं नळाला थेट मोटार लावतात, दाब पडतो, टोकाला नुसती हवा येते. दाब शून्याखाली गेला की गटाराशेजारच्या सैल जोडातनं घाण आत ओढली जाते. सुरुवातीचं गढूळ पाणी पुष्कळदा तिथनंच येतं. 110 किलोमीटरवरून आणखी पाणी आणून हा जोड घट्ट होणार नाही.

मोजायला लाखोंची यंत्रणाही लागत नाही. 10 लाख लिटरची टाकी घ्या, पाण्याची उंची 4 मीटर. म्हणजे दर 10 सेंटिमीटरला 25 हजार लिटर. रात्री टाकी भरून आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पातळी खडूनं नोंदवा, सकाळी बघा. 10 सेंटिमीटर उतरली असेल तर व्हॉल्व्ह पास होतोय, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतोय, किंवा टाकी झिरपतीय. मग फक्त बाहेरचा उघडा, त्या क्षेत्राच्या पाळीत किती सेंटिमीटर गेलं ते लिहा आणि नळजोडांच्या संख्येनं भागा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याच्या वहीत हे दोन आकडे रोज आले, तर तीन महिन्यांत कळतं कुठलं क्षेत्र पाणी खातंय. कुठली टाकी आधी घ्यायची हे त्यावरनं ठरवा. मतांवर ठरवलंत तर ज्या भागात मोबाईल जास्त तिथली टाकी पहिली लागेल.

बाळीवेस
शेवटचं वाक्य खटकलं. पूर्व भागातली विडी कामगार बाई ऑनलाइन अर्ज भरणार नाही हे मान्य, म्हणून तिला विचारायचंच नाही का? झोनमध्ये कागदी अर्ज ठेवा, मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूत. टाकीचे आकडे अभियंत्यांनी काढावेत. पण पाणी पहाटे तीनला नको, सहाला हवं, हे त्या बाईशिवाय कोण सांगणार?

शेळगी नाका
वेळेचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मान्य करावा लागतोय. अर्ज घ्या, पण ऑगस्ट-सप्टेंबरात, मागणी पत्रकं जायच्या आत. आणि प्रत्येक उद्दिष्टापुढं चार रकाने हवेत: आजचा आकडा, मार्चअखेरचा आकडा, लेखाशीर्ष, जबाबदार अधिकारी. यातला एक जरी रिकामा असेल तर ते उद्दिष्ट यादीत घेऊ नका.

आढावाही मार्चमध्ये नको. तेव्हा फक्त बिलं निघतात. सप्टेंबरअखेर जमा किती ते बघायचं. उत्पन्न फुगवून धरलं असेल तर तेव्हाच उघडं पडतं आणि पहिला घाव भांडवली कामांवर बसतो, पगारावर नाही. ऑक्टोबरात पुनर्विनियोजन केलं, म्हणजे पैसे एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात वळवले, तर निविदा, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेला पाच महिने मिळतात. जानेवारीत केलं तर काम पुढच्या वर्षीच्या दायित्वात जातं. दहा उद्दिष्टं मला अजूनही जास्तच वाटतात. तीन ठेवा.

जुळे सोलापूर
तीन ठेवा नाहीतर एक. टाकीची वही मान्य. पण ती चावीवाल्याच्या खिशात नको. कालची पातळी, आजची पाळी आणि सोडायची वेळ टाकीच्या भिंतीवर पाटीला लिहा, रस्त्यावरनं वाचता येईल अशी. सुरुवात हद्दवाढ भागातल्या टाकीपासून करा. तेवढं होईपर्यंत माझा "रोज पाणी"चा अर्ज दरवर्षी जाणार.